अक्षरओळख : यंत्राची आणि आपली

जुहू म्हटले की चौपाटी आणि चित्रपटतारकांचे बंगले डोळ्यांपुढे येतात. अंधेरी तालुक्यातील या उपनगराला आणखी एक इतिहास आहे, तो मात्र फारसा सांगितला जात नाही. गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक 9 वर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी नावाची संस्था होती. तिचे मूळ कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. 1985 मध्ये ती स्वायत्त झाली आणि या शतकाच्या आरंभी सी-डॅक या संस्थेत विलीन झाली. 1986 मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणाली' हा प्रकल्प हाती घेतला. जपानने 1982 मध्ये 'पाचव्या पिढीचा संगणक' घडवण्याचा विडा उचलल्यापासून जगभर जी लगबग सुरू झाली होती, तिचाच हा एक पडसाद. जुहूची संस्था या प्रकल्पाचे एक प्रमुख केंद्र होती, आणि डिसेंबर 1989 मध्ये या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द वर्तमानपत्राच्या मथळ्यात येण्याच्या कितीतरी आधी तो पार्ले-अंधेरीच्या हद्दीत रोजच्या कामाचा विषय होता.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हे सांगण्याचे कारण असे की, त्या कामामागे उभ्या असलेल्या माणसाचा मूळ प्रश्न यंत्राविषयीचा नव्हता, भाषेविषयीचा होता. तंत्रशिक्षण न घेतलेल्या प्रौढ माणसाला कृत्रिम बुद्धिमत्ता समजावून कशी सांगावी, हा आज जागोजागी विचारला जाणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आपण अभियंत्यांच्या तोंडाकडे पाहतो. इतिहास पाहिला तर भाषेच्या शिक्षकाने स्वतःकडेही पाहायला हरकत नाही, असे माझे मत आहे.

हा माणूस म्हणजे आर. नरसिंहन (1926–2007). 1954 मध्ये ते टाटा संस्थेत दाखल झाले आणि टिफ्रॅक या भारतात घडवलेल्या आरंभीच्या संगणकाच्या बांधणीत त्यांचा मोठा वाटा होता. 1960 मध्ये हा संगणक पूर्ण क्षमतेने चालू झाला. पुढे इलिनॉय विद्यापीठात त्यांनी चित्रांतील आकृतिबंध यंत्राला ओळखता यावेत यासाठी एक वेगळी रीत मांडली. चित्राचेही व्याकरण असते, वाक्य जसे पदांत विभागावे तसे चित्र घटकांत विभागावे, असा तिचा गाभा. व्याकरणाची ही उपमा घेऊन निघालेला माणूस हळूहळू खुद्द भाषेकडे वळला, आणि गंमत अशी की तेथे पोचल्यावर त्यांना व्याकरण अपुरे वाटू लागले. 'मॉडेलिंग लँग्वेज बिहेवियर' हे त्यांचे पुस्तक 1981 चे. चॉम्स्कीच्या प्रभावाचा तो काळ. वाक्याची रचना उलगडली की भाषा उलगडली, या समजुतीला नरसिंहन यांचा विरोध होता. मूल भाषा शिकते ती हट्ट करत, नाकारत, मागत, खेळत. भाषा हे वागणे आहे आणि ते वागणे म्हणूनच अभ्यासले पाहिजे, ही त्यांची भूमिका.

2004 मध्ये त्यांची दोन पुस्तके निघाली. एक कृत्रिम बुद्धिमत्तेवर, दुसरे साक्षरतेवर. या दुसऱ्या पुस्तकाकडे, 'कॅरॅक्टरायझिंग लिटरसी'कडे, साहित्याच्या लोकांचे लक्ष जायला हवे होते. लेखनकला आली म्हणून माणूस चिकित्सक विचार करू लागला, असा एक सिद्धांत पाश्चात्त्य अभ्यासकांत रूढ आहे. नरसिंहन भारतीय अनुभव पुढे करून त्याला हरकत घेतात. वेदपाठाच्या परंपरेत ध्वनी, पद, संधी यांचे पृथक्करण मुखाने चालले. भाषेकडे वळून पाहण्याची, तिचे भाग सुटे करून पुन्हा जोडण्याची शक्ती लिपीवर अवलंबून नव्हती. मराठी वाचकाला येथे बहिणाबाई चौधरींची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून घेतल्या आणि 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, त्या पुस्तकरूपाने आल्या. एकेका शब्दाला उलटून-पालटून पाहणारी त्यांची नजर ज्याने वाचली आहे, तो त्यांना निरक्षर म्हणताना अडखळेल. आणि उलट बाजूने, सही करता येणारा प्रत्येक जण त्या अर्थाने साक्षर असतो का?

हा दुसरा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई, आणि त्यातला उत्साह खरा होता. परंतु अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षर झाले, ही तक्रार शिक्षणक्षेत्रात तेव्हापासून ऐकू येते. अंगठ्याच्या जागी सही आली. वाचण्याजोगे काही हाती आले नाही, आणि आले तरी त्याला उलट प्रश्न विचारण्याची सवय कोणी लावली नाही. चाळीसएक वर्षांनी, 2001 मध्ये, महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आणला. त्याचे श्रेय कमी लेखू नये. तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमातून, संगणकाला हात लावायची भीती त्याने लाखो लोकांच्या मनातून घालवली, आणि त्यांत संसार सांभाळून वर्गाला येणाऱ्या स्त्रिया होत्या, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे कारकून होते. पण तो अभ्यासक्रम होता वापराचा. पत्र कसे टंकावे, तक्ता कसा भरावा, चकती कोठे ठेवावी. यंत्राच्या आत काय घडते हे कळावे असा त्याचा दावाच नव्हता, आणि त्या काळी त्याची निकडही नव्हती, कारण टंकलेले पत्र टंकणाऱ्याचेच असे.

आता ती निकड आहे, कारण पत्र यंत्र लिहिते.

जुहूच्या संस्थेतील काम ज्या पिढीचे होते, त्या पिढीची कृत्रिम बुद्धिमत्ता समजावून सांगणे तुलनेने सोपे होते. तिचा कणा म्हणजे 'जर–तर'. तज्ज्ञाला बसवायचे, तो निर्णय कसा घेतो हे विचारायचे, त्याची उत्तरे नियमांच्या रूपात मांडायची आणि ते नियम यंत्राला द्यायचे. ताप आहे, अंगावर पुरळ आहे, डोळे लाल आहेत, तर अमुक रोगाची शंका घ्यावी. घरातल्या जुन्या माणसांचे निदान याच रीतीने चाले, म्हणून ते ऐकणाऱ्याला लगेच उमगते. नरसिंहन यांचे शिष्य श्रीनिवासन रमणी या संस्थेचे संचालक होते. त्यांच्या काळात तेथे 'विद्वान' नावाची प्रणाली तयार झाली. वेगवेगळ्या क्षेत्रांतील असे नियम तिच्यात भरता येत. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्यांचे हिंदी भाषांतर करण्याचे प्रयत्न 1980 च्या दशकाच्या अखेरीस तेथे झाले, आणि त्यातून पुढे 'मात्रा' ही भाषांतरप्रणाली आली. तिच्या घडणीत अर्धे काम संगणकाचे आणि अर्धे व्याकरणाचे होते. इंग्रजी क्रियापद मधे येते, आपले शेवटी. 'ऑन द टेबल' हे 'मेज पर' व्हायचे तर शब्दयोगी अव्यय उचलून मागे न्यायचे. शाळेत वाक्यपृथक्करण शिकलेल्या कोणालाही हे फळ्यावर दाखवता येते.

याच सुमारास एक अपघात घडला, आणि त्याचे पडसाद आजही व्याख्यानांतून ऐकू येतात. 1985 मध्ये रिक ब्रिग्ज या अमेरिकन संशोधकाने 'एआय मॅगझिन' या नियतकालिकात संस्कृतवर एक लेख लिहिला. त्याचे म्हणणे मर्यादित होते. वाक्याचा अर्थ निःसंदिग्धपणे मांडण्यासाठी नैयायिक-वैयाकरणांनी शाब्दबोधाची जी पद्धत घडवली, ती संगणकशास्त्रज्ञांच्या अर्थजालांच्या पद्धतीशी जुळते, एवढेच. ब्रिग्ज नासाच्या संशोधनकेंद्राशी संबंधित होता. बस्स, तेवढ्यावरून 'संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असल्याचे नासाने सिद्ध केले' हे वाक्य जन्माला आले आणि चाळीस वर्षे झाली तरी म्हातारे होत नाही. नासाने असे काही सिद्ध केलेले नाही. मला यात खेद वाटतो तो निराळ्या कारणाने. पाणिनीकडे बोट दाखवून श्रोत्यांना अभिमान देता येतो, पण पाणिनीची रीत समजावून दिली तर श्रोत्यांना विषयच कळतो. थोडक्या सूत्रांतून अमर्याद रूपे कशी निपजतात, दोन नियम एकाच जागी लागू पडले तर कोणाचे चालावे, हे प्रश्न जर–तरच्या यंत्राचेच होत. अभिमान वाटून झाला की माणसे टाळ्या वाजवून घरी जातात.

जाता जाता 'कृत्रिम' या शब्दाविषयी. मराठीत त्याला खोटेपणाचा वास चिकटला आहे; कृत्रिम हसू, कृत्रिम टंचाई. प्रौढ श्रोता म्हणूनच पहिला प्रश्न विचारतो की ही बुद्धी खरी की खोटी. मूळ अर्थ फक्त 'केलेले, घडवलेले'. व्याकरणशास्त्रात तर त्याला मानाचे स्थान आहे. एखाद्या शब्दाचा लोकांतला अर्थ आणि शास्त्राने ठरवून दिलेला अर्थ असे दोन्ही संभवत असतील, तर शास्त्रात ठरवून दिलेला, म्हणजे 'कृत्रिम', अर्थ घ्यावा अशी परिभाषा नागेशभट्टाच्या ग्रंथात आहे. वर्गात हा शब्द या अर्थाने उलगडून दाखवला, तर खऱ्या-खोट्याचा घोळ पहिल्या पाच मिनिटांत मिटतो. असो.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि जर–तरची सोपी गोष्ट कालबाह्य झाली. वाचनालयांत, ज्येष्ठ नागरिक संघांत या विषयावरची व्याख्याने होऊ लागली. त्यांतली काही मी ऐकली आहेत. साधारण साचा असा, की आरंभी यंत्रमानवाचे चित्र, मग नोकऱ्या जाण्याची भीती, मग भ्रमणध्वनीवर प्रात्यक्षिक, म्हणजे सहलीचा आराखडा किंवा नातवाच्या वाढदिवसाची कविता, आणि शेवटी सावधगिरीच्या चार सूचना. यंत्रमानव आपल्याकडे विज्ञानकथेने आणला. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना 1966 ची. तिच्या कथास्पर्धेतून जयंत नारळीकर 1974 मध्ये टोपणनावाने पुढे आले, आणि मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली. त्या कथांचे ऋण मोठे आहे. पण यंत्र म्हणजे धातूचा देह आणि माणसासारखे मन, ही तेथून घरोघर गेलेली प्रतिमा आज वाट दाखवण्यापेक्षा अडवतेच जास्त. हातातल्या यंत्राला देह नाही. त्याच्यापाशी आहे ती भाषा, आणि तीच आपली सर्वांत ओळखीची वस्तू.

म्हणून सुरुवात भाषेपासून करावी. श्रोत्यांना सांगावे, 'नाचता येईना'च्या पुढचे म्हणा. सारे सभागृह एका सुरात 'अंगण वाकडे' म्हणेल. मग सांगावे, 'आज सकाळी मी मंडईतून' याच्या पुढचे म्हणा. कोणी भाजी आणील, कोणी फुले, कोणी नुसता चालत घरी येईल. 'त्रिकोण' किंवा 'उपनिषद' मात्र कोणी आणणार नाही. पुढे काय येईल याचा अंदाज, कोठे एकच आणि कोठे अनेक, पण कधीही वाटेल तो नाही, हा भाषा जाणणाऱ्या प्रत्येकाच्या ठायी असतो. प्रचंड मजकूर वाचून तो अंदाज आकड्यांत बसवायचा, प्रत्येक चुकीगणिक आकडे किंचित हलवायचे, असे अगणित वेळा करायचे. आजच्या भाषाप्रतिमानाचा पाया हा आहे. त्यावर पुष्कळ मजले चढले आहेत, पण पाया हाच.

या पायाचा एक जुना दगड कवितेतलाच आहे, हे साहित्याच्या वर्गात आवर्जून सांगावे. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह याने 1913 मध्ये पुश्किनच्या 'यूजीन ओनेगिन' या काव्यकादंबरीतील पहिली 20,000 अक्षरे हाताने मोजली. त्यांत 8,638 स्वर निघाले, 11,362 व्यंजने. एरवी शंभरांत त्रेचाळीस अक्षरे स्वर. पण आधीचे अक्षर स्वर असेल तर पुढचे स्वर असण्याचे प्रमाण शंभरांत तेरावर येते, आणि आधीचे व्यंजन असेल तर सहासष्टावर जाते. म्हणजे मागच्या अक्षरावरून पुढच्याचा अदमास लागतो, आणि तो मोजता येतो. पुश्किनच्या काव्याचा अर्थ या मोजणीत कोठेच नव्हता. पुढे क्लॉड शॅननने 1951 मध्ये माणसांना इंग्रजी मजकुरातले पुढचे अक्षर ओळखायला लावून हाच धागा पुढे नेला. माधव ज्युलियनांच्या 'छंदोरचने'चे लघु-गुरू मोजत ज्यांनी पदवी मिळवली, त्यांना या मार्कोव्हची भीती वाटायचे कारण नाही. मराठीच्या एखाद्या उताऱ्यावर हाच प्रयोग दोन तासिकांत होतो, आणि यंत्र 'शिकते' म्हणजे काय करते हे हाताने मोजल्यावर जसे कळते तसे कोणत्याही चित्रफितीने कळत नाही.

यातूनच ती महत्त्वाची सावधगिरी आपोआप निघते, शेवटच्या सूचनांत कोंबावी लागत नाही. जे यंत्र पुढे काय शोभेल ते शिकले आहे, ते शोभणारे बोलेल. खरे बोलेलच असे नाही. न लिहिलेल्या पुस्तकाचे नाव, न झालेल्या परिषदेचे वर्ष ते अस्खलित मराठीत सांगते. ज्येष्ठ श्रोत्यांना हे फसवते, कारण त्यांच्या पिढीने शुद्ध, ओघवत्या भाषेला विद्वत्तेची खूण मानले आहे. विद्यार्थ्यांना फसवते, कारण त्यांना ताडून पाहायला वेळ नसतो. ओघ आणि प्रमाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे शिकवणे समीक्षेच्या शिक्षकाचे नित्याचे काम. नरसिंहन ज्याला साक्षरतेचा गाभा मानत, ती भाषेकडे वळून पाहण्याची शक्ती नेमकी येथे लागते.

फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाने 2018 मध्ये 'एलिमेंट्स ऑफ एआय' हा विनामूल्य अभ्यासक्रम सुरू केला. देशाच्या एक टक्का लोकांना, सुमारे 55,000 जणांना, या विषयाची तोंडओळख व्हावी असा उद्देश होता. गणिताची फार भीती न घालता, पण संभाव्यता म्हणजे काय हे न टाळता, तो सामान्य माणसाशी बोलतो, आणि फिनिश भाषेतही बोलतो. त्या देशाची लोकसंख्या 55 लाखांच्या आसपास. मराठी ही मातृभाषा सांगणारे 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख. आपल्याकडे तयार इंग्रजी धड्यांची भाषांतरे होतात. ती वाईट नसतात, पण त्यांतली उदाहरणे परकी असतात, आणि मराठी ही स्वतः यंत्रापुढे कशी उभी आहे हा विषय त्यांत येत नाही.

तो विषय पवईला निघतो. आय.आय.टी. मुंबईत 2000 मध्ये भारतीय भाषा तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले. तेथील 'शब्दबंध' हा मराठी शब्दांचा अर्थानुसारी कोश हिंदी कोशाच्या आधाराने बांधला गेला. समानार्थी शब्दांचा एक संच, आणि त्या संचाचे इतर संचांशी नाते, अशी त्याची रचना. या कामात कोशकार लागतात, म्हणजे आपल्याच विभागांतून बाहेर पडलेली माणसे लागतात. हिंदीचे 'दादी' आणि 'नानी' मराठीत 'आजी'पाशी एक होतात. उलट 'माहेरवाशीण'साठी हिंदीत एका शब्दाची जागा सापडत नाही. असे निर्णय अभियंता घेऊ शकत नाही.

आणि 'अक्षर' म्हणजे तरी काय? हा शब्द मूल तीन अक्षरांत वाचते. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत तो पाच खुणांचा आहे, कारण 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष. साठवणीच्या प्रचलित रीतीने त्याला पंधरा बाइट लागतात, तर पाच अक्षरी इंग्रजी शब्दाला पाच. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीची स्थिती तर याहून बिकट होती. श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा टंकांत जे टंकले गेले, ते पडद्यावर मराठी दिसे. आत मात्र रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागा होत्या. टंक काढून घेतला की उरतो तो अर्थहीन खुणांचा ढीग. 2003 मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया आणि त्याच्या आगेमागे महाजालावर हौसेने, बिनमोबदला लिहिणारे लोक युनिकोडात लिहीत होते, म्हणून त्यांची मराठी यंत्राला वाचता आली. 1990 नंतरच्या दशक-दीड दशकात संगणकावर जुळवलेली नियतकालिके, प्रबंध, दिवाळी अंक यांचा मोठा भाग त्या जुन्या टंकांत अडकलेला आहे. यंत्राच्या मराठीत वृत्तपत्री वळण जास्त आणि ललित गद्याचे कमी जाणवते, याचे एक कारण मला येथे दिसते.

अशा मजकुराचे युनिकोडात रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. पण रूपांतरानंतर रफार भलत्या अक्षरावर बसतात, पहिली वेलांटी एक घर चुकते, जोडाक्षरे फुटतात. ती तपासायला मराठी जाणणारा माणूसच बसवावा लागतो. महाविद्यालयाच्या वार्षिकांकांचे जुने संच, विभागात पडून असलेल्या चकत्या, लेखकाची परवानगी असलेले प्रबंध, एवढ्यावरही पदव्युत्तर वर्गाला एका सत्राचा प्रकल्प होईल. मार्कोव्हची मोजणी त्याच मजकुरावर करता येईल.